घरच्या संगणकावर एएसएम: डिस्क काढून बघण्याचा सराव

घरी ओरॅकल डेटाबेस बसवणारे पुष्कळ आहेत, पण एएसएम, म्हणजे अनेक डिस्क एकत्र करून त्यांच्यावर डेटाबेसचा डेटा वाटणारं ओरॅकलचं ऑटोमॅटिक स्टोरेज मॅनेजमेंट, उभं करणारे थोडे. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं: 'माझ्याकडे एकच डिस्क आहे.' एकच पुरते. डिस्क खरी आहे की व्हर्च्युअल, याच्याशी एएसएमला देणंघेणं नाही. त्याला फाइल सिस्टिम नसलेलं एक कोरं डिव्हाइस लागतं आणि त्यावर लिहायची परवानगी.

म्हणून व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे संगणकातच दुसरा संगणक चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, ओरॅकल लिनक्सचं एक मशीन करा आणि त्याला प्रत्येकी ४ जीबीच्या चार डिस्क जोडा. एएसएम ज्यात येतं त्या ग्रिड इन्फ्रास्ट्रक्चरची १९सी आवृत्ती कमीत कमी ८ जीबी रॅम मागते, तेव्हा मूळ संगणकात १६ जीबी असलेली बरी. इन्स्टॉलेशनच्या पायऱ्यांवर मी वेळ घालवत नाही, त्या सगळीकडे लिहिलेल्या आहेत.

एक गोष्ट मात्र सांगतो, कारण तिच्यात माझी एक अख्खी रात्र गेली आहे. डिस्कची मालकी ग्रिड युजरला (एएसएम ज्या खात्याने चालतं त्याला) देणारे यूडेव्हचे, म्हणजे लिनक्समध्ये डिव्हाइस सांभाळणाऱ्या सेवेचे, नियम मी लिनक्सने दिलेल्या एसडीबी, एसडीसी या नावांवर लिहिले होते. पुढे आणखी एक डिस्क जोडली, मशीन पुन्हा सुरू केलं आणि नावांची अदलाबदल झाली. परवानगी भलत्याच डिस्कला मिळाली आणि डिस्क ग्रुप, म्हणजे एएसएमने एकत्र केलेल्या डिस्कचा गट, माउंट होईना. डेटा सुखरूप होता, कारण एएसएम आपली डिस्क नावावरून नाही, तिच्या सुरुवातीला लिहिलेल्या हेडरवरून ओळखतं. पण आधी वाचता तर आलं पाहिजे! नियम डिस्कच्या सिरियल आयडीवर लिहा.

आता डिस्क ग्रुप. घाईत सगळे एक्स्टर्नल रिडंडन्सी निवडतात. त्यात एएसएम मिररिंग करतच नाही, म्हणजे डेटाची दुसरी प्रत ठेवतच नाही, मग शिकायला उरतं काय? नॉर्मल निवडा, त्यात डेटाच्या दोन प्रती राहतात. वेगळं काही सांगितलं नाही, तर प्रत्येक डिस्क हाच एक फेल्युअर ग्रुप होतो आणि दोन्ही प्रती एकाच फेल्युअर ग्रुपमध्ये ठेवल्या जात नाहीत. आता सांगा, १६ जीबीत किती डेटा मावेल? निम्मा, म्हणजे ८ जीबी, असंच कोणीही म्हणेल. एएसएमसीएमडी या एएसएमच्या साधनात एलएसडीजी ही कमांड चालवून 'युजेबल फाइल एमबी' हा रकाना बघा. तिथे साधारण ६ जीबी दिसतील. एक डिस्क गेली तर तिच्यावरचा डेटा पुन्हा दोन ठिकाणी ठेवायला ४ जीबी मोकळे लागतील, ते आधी वजा केले आणि उरलेल्या १२ चे निम्मे केले. हा हिशेब कागदावर करून बघाच.

मग डिस्क काढा. मशीन बंद करून स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची प्रत, जिच्यावर परत जाता येतं) घ्या, पुन्हा सुरू करा, एका टेबलमध्ये सतत भर घालणारी स्क्रिप्ट लावा आणि लिनक्सला सांगून एक डिस्क काढून टाका. डेटाबेस चालू राहतो. डिस्क ऑफलाइन दिसते आणि तिच्या परत येण्याची मुदत मोजली जाऊ लागते. ओरॅकलच्या ११जी आवृत्तीत ही मुदत मुळात ३.६ तासांची होती. मुदतीत डिस्क परत आली तर मधल्या काळात बदललेला भागच तिच्यावर लिहिला जातो. नाही आली तर ती ग्रुपमधून काढली जाते आणि रिबॅलन्स, म्हणजे उरलेल्या डिस्कवर डेटा पुन्हा वाटणं, सुरू होतो. तो पुरा होण्याआधी दुसरी डिस्क काढली, की ग्रुप डिसमाउंट होतो आणि डेटाबेस बंद पडतो. हे दोन्ही प्रसंग अलर्ट लॉग, म्हणजे घडामोडींची नोंदफाइल, उघडा ठेवून, ओळ न् ओळ वाचत बघा. वेग मात्र मोजू नका. चारही डिस्क शेवटी एकाच खऱ्या डिस्कवर आहेत.

शेवटी स्नॅपशॉटवर परत या आणि या वेळी ७ जीबी डेटा भरा. एएसएम अडवणार नाही, जागा आहेच. पण युजेबलचा आकडा उणे १ जीबीच्या आसपास गेलेला दिसेल. आता एक डिस्क सक्तीने ड्रॉप करा. दोन प्रतींचे मिळून १४ जीबी उरलेल्या १२ जीबीत मावणार कसे? रिबॅलन्स मध्येच थांबतो आणि लॉगमध्ये ओआरए-१५०४१ येतो: डिस्क ग्रुपमधली जागा संपली.