वजाबाकी राहिली

(दृश्य : सोलापूरच्या पूर्व भागातली बोळ. यंत्रमागांचा खडखडाट.)

खाली चादरीचे माग, वडील त्यातल्याच दोनांवर. वरच्या खोलीत मुलगी, तिचा लॅपटॉप, कडक भाकरीचा डबा आणि एक रेघी वही. वही कशाला? "मोजायला," ती म्हणाली.

ती लिनक्सच्या कर्नलमधला, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातला, दुसऱ्यांनी पाठवलेला कोड तपासते. सोलापूरच्या पोरांना पुण्याला गेल्याशिवाय काही जमत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही स्क्रीन जरा जवळून बघावी.

(दृश्य : लाल, हिरव्या ओळी.)

लाल ओळी काढलेल्या, हिरव्या नव्या. बदल पॅकेटच्या, म्हणजे नेटवर जाणाऱ्या डेटाच्या तुकड्यांच्या, रांगेतला. नेटवर्क कार्डाकडं जाण्याआधी पॅकेट इथं थांबतं. साध्या रांगेत आधी आला तो आधी जातो. मोठं काहीतरी अपलोड होत असलं की मागचा व्हिडिओ कॉल अडकलाच. 2012 मध्ये लिनक्स 3.5 मध्ये एफक्यू-कोडेल नावाचं, रांग सांभाळणारं नवं तंत्र आलं. त्यानं एका रांगेच्या 1024 केल्या. शिवाय पॅकेटांचा खोळंबा 100 मिलिसेकंद सलग 5 मिलिसेकंदांच्या वरच राहिला, तर काही पॅकेट टाकून द्यायची. हो, मुद्दाम. पाठवणाऱ्याला त्यातूनच कळतं, की हात आवरावा.

(दृश्य : तिचं बोट एका हिरव्या ओळीवर.)

इथं ती अडली. नव्या कोडमध्ये रांग भरली की एक पॅकेट टाकलं जातं. पण या रांगेच्या वर दुसरी रांग असू शकते, आणि ती आपला वेगळा हिशोब ठेवते. तिला कळवणारी ओळ या वाटेवर नाहीच. वहीत दोन खाने पडले. आतली : 0. वरची : 1.

(दृश्य : सूत गुंडाळलेल्या कांड्यांची टोपली.)

"पप्पा, मुकादमाच्या वहीत एक कांडी शिल्लक, टोपली रिकामी. मग?"

"मग काय, हात घालायचा न् शिव्या द्यायच्या."

कर्नलला शिव्या देता येत नाहीत; तिथं मशीन कोसळू शकतं, कधी सुरक्षेलाही भोक पडतं.

(दृश्य : की-बोर्ड.)

कोड पाठवणाऱ्याला उत्तर ईमेलनं, साध्या मजकुरात, त्या हिरव्या ओळीच्या बरोबर खाली : 'इथून बाहेर पडताना वरच्या रांगेतली पॅकेटची संख्या आणि बाइट, दोन्ही कमी व्हायला हवेत.' पुढं 'कृपया'. तो शब्द तिनं दोनदा खोडला, दोनदा लिहिला.

(दृश्य : माग थांबतात. शांतता.)

लाईट गेली. लॅपटॉप बॅटरीवर, राउटरचे दिवे बंद. उत्तर अजून तिच्याच मशीनमध्ये.