गोठ्यातली येझदी

सकाळचे साडेसहा वाजलेत आणि दादाची ही अकरावी किक आहे. येझदी मोटरसायकल नुसती फुस्स करतीय.

हे जे पत्र्याचं शेड दिसतंय ना, हा आधी गोठा होता. दोन म्हशी असायच्या इथं. म्हशी गेल्या, गव्हाण तेवढी राहिली, आणि त्या गव्हाणीत आता पाने, पक्कड, जुन्या क्लच प्लेटा, आणि एका डालड्याच्या डब्यात नुसते नट-बोल्ट, दादा शिरोली एमआयडीसीत मशीन शॉपला आहे, शिफ्ट संपवून घरी आला की जेवायच्या आधी एक चक्कर इथं असतेच. वहिनी म्हणतात, म्हशी होत्या तेव्हा निदान दूध तरी मिळायचं.

कोल्हापुरात असे गॅरेज किती असतील सांगता येत नाही. कुणाच्या जिन्याखाली, कुणाच्या तुळशीवृंदावनाच्या मागं. बोर्ड नाही, गिऱ्हाईक नाही, आपलीच एक गाडी आणि ती कधी पूर्ण होत नाही.

ही तात्यांची गाडी. तात्या म्हणजे दादाचे वडील, माझे थोरले काका. साखर कारखान्यात नोकरीला असताना घेतलेली 1976 ची येझदी, नंबर प्लेटवर अजून ती जुनी एम वरनं सुरू होणारी तीन अक्षरं, एमएच यायच्या आधीची. रुस्तम आणि फारुख इराणी यांनी म्हैसूरला कारखाना टाकला, चेकोस्लोव्हाकियाच्या जावाचं लायसन घेतलं, 1961 पासून गाड्या निघायला लागल्या, मग सत्तरच्या दशकात टाकीवरचं जावा हे नाव जाऊन येझदी आलं. इंजिन मात्र तेच. अडीचशे सीसी, टू-स्ट्रोक, सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन, आणि ज्यानं ही गाडी कधी चालवलेली नाही त्याला सगळ्यात गंमत वाटते ती म्हणजे किक आणि गियरची लिव्हर एकच, आत दाबून मागं फिरवली की किक, सोडून पुढं घेतली की गियर. 1996 ला म्हैसूरचा कारखाना बंद पडला. तात्यांनी गाडी विकली नाही, नुसती गोणपाट टाकून ठेवली. एकवीस वर्षं.

आता वर बघा, त्या वाशाला काय टांगलंय. फ्रेमचा मागचा तुकडा आहे तो. हा ह्या गाडीचा नाही, दादाची पहिली जी येझदी होती तिचा. तेव्हा सगळीकडं कॅफे रेसरचं, म्हणजे जुनी गाडी कापून-छाटून रेसच्या गाडीसारखी करायचं वारं होतं, मोबाईलवर फोटो बघायचे आणि ग्राइंडर हातात घ्यायचा. दादानं एका रविवारी मागची फ्रेम कापली, मडगार्ड काढलं, सपाट सीट बसवली, सायलेन्सरमधली बॅफलं, म्हणजे आतल्या नळ्या, उपसून टाकली. दिसायला गाडी एक नंबर. पण पहिल्या पावसात पाठीवर चिखलाचा पट्टा मानेपर्यंत, मागं कुणाला बसवायची सोय नाही, आणि बॅफल काढल्यावर आवाज वाढला पण कमी स्पीडची ओढ गेली, कारण टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सर नुसता आवाज कमी करायला नसतो, बाहेर पळणारं न जळालेलं पेट्रोल त्यातल्या दाबामुळंच परत सिलिंडरकडं ढकललं जातं. पुढं रजिस्ट्रेशन रिन्यू करायची वेळ आली तेव्हा गाडी तशी पास होणार नव्हतीच. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे त्यासाठी, आणि 2019 च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानंही सांगितलंय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या बाहेर बदल चालणार नाहीत. गाडी सुट्ट्या पार्टच्या भावात गेली. तुकडा दादानं ठेवून घेतला.

मी विचारलं, दादा, हे टांगून कशाला ठेवलंयस?

म्हणाला, "ग्राइंडर उचलायच्या आधी नजर वर जावी म्हणून."

मग ह्या गाडीला त्यानं हात लावला तो वेगळ्या पद्धतीनं. आधी टाकी. आतनं नुसती गंजाची पापडी. किराणा दुकानातनं लिंबूसत आणलं, गरम पाण्यात घालून टाकीत भरलं, वर मूठभर नट सोडले आणि दोन दिवस येता-जाता जो दिसेल त्यानं टाकी हलवायची, मी पण हलवली, खांदे भरून आले. काळं पाणी निघालं ते बघवत नव्हतं. आणि हे एकदाच करून सुटका नाही, आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, गाडी महिनाभर उभी राहिली की परत गंज, जुनी रबरं फुगतात ती वेगळीच. म्हणून पेट्रोलची नळी, टाकीच्या कॉकचं वायसर, कार्बोरेटरचं गॅस्केट सगळं नवीन.

सायलेन्सरची बॅफलं कार्बननं इतकी बुजलेली की फुंकर मारली तर हवा जात नव्हती. ती तात्यांनी सरळ आंघोळीच्या बंबात टाकली. सकाळी पाणी तापलं, बॅफलं लालभडक झाली, गार झाल्यावर आपटली की खपल्या गळून पडल्या. त्या दिवशीच्या पाण्याला टू-टी ऑइलचा वास होता असं वहिनींचं म्हणणं आहे.

तर गाडी चालू झाली, गल्लीत दोन फेऱ्या झाल्या, पेढे वाटले, आणि पुढच्या रविवारी जोतिबाच्या घाटात इंजिन जाम. चढावर मागचं चाक जागच्या जागी लॉक. नशीब, दादानं क्लच दाबला.

जो भेटेल तो एकच सांगायचा, ऑइल कमी पडलं. ह्या गाडीला पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागतं, लिटरला चाळीस मिली, आणि दादा ते दवाखान्यातल्या सिरिंजनं मोजून घालणारा माणूस. त्यामुळं त्याला ते पटेना. त्यानं प्लग काढला तर टोक पांढरंफटक. नीट चाललेल्या टू-स्ट्रोकचा प्लग चहाच्या रंगाचा असतो, पांढरा म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त. कार्बोरेटर तीनदा साफ केला, तो निर्दोष निघाला. इंजिन बोअरला, म्हणजे सिलिंडर आतनं घासून घ्यायला, द्यावं लागलं, शिवाजी उद्यमनगरात, तिथं अजून असे लेथवाले आहेत जे सिलिंडरमध्ये बोट फिरवून सांगतात किती खाल्लाय. मूळ बोअर 65 मिलीमीटरचा, तो एक ओव्हरसाईज वाढवला, नवीन पिस्टन, नवीन रिंगा.

बसवलं, आणि परत तेच लक्षण. रेस सोडली तरी इंजिन खाली येईना, आपलं आपणच वर चढत राहायचं.

इथं तात्या बोलले. इतके दिवस खुर्ची टाकून नुसते बघत होते. "डायनॅमोकडं बघ की रं. वारं पितंय ते."

झालं होतं असं. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस, म्हणजे पिस्टनच्या खालची पेटी, हवाबंद लागते, कारण पेट्रोल आणि हवा आधी तिथं येतात आणि मग वर जातात. तिच्यात फिरणाऱ्या क्रँकच्या दांड्याच्या दोन्ही टोकांना रबरी सील असतात. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर इंजिन गियरचं ऑइल पितं आणि गल्लीभर धूर, ते लगेच कळतं. डायनॅमोच्या, म्हणजे गाडीची वीज तयार करणाऱ्या भागाच्या बाजूचं गेलं तर हवा पितं, धूर नाही, डाग नाही, काहीच दिसत नाही, गाडी उलट हलकी पळतीय असं वाटतं आणि चढावर तापून पिस्टन चिकटतो. एकवीस वर्षं उभ्या गाडीतलं ते सील सुकून प्लास्टिकसारखं कडक झालेलं. मिसळीच्या पैशात येणारी वस्तू. तिच्यापायी एक पिस्टन, एक बोअर आणि दोन महिने गेले.

सील बदललं. आज पॉइंट सेट करायचेत, म्हणजे उघडताना प्लगला ठिणगी पाडणारे ते दोन बारीक पत्रे. जवळून बघा हे.

उजवीकडचं कव्हर काढलं, आत डायनॅमो, त्याच्या कडेला हे पॉइंट. फिलर गेजनं, म्हणजे अंतर मोजायच्या पातळ पत्तीनं, 0.4 मिलीमीटरचं अंतर धरलं. आता टायमिंग. प्लगच्या भोकातनं दादानं सायकलचा स्पोक सोडलाय, त्याला फाईलनं दोन खुणा, पिस्टन वरच्या टोकाला जायच्या साधारण तीन मिलीमीटर आधी ठिणगी पडायला पाहिजे. पण नेमकी कधी पडते हे कळणार कसं? त्यासाठी हा कागद. सिगारेटचा पातळ कागद पॉइंटच्या मध्ये पकडायचा, एका हातानं हलका ओढत ठेवायचा, दुसऱ्या हातानं इंजिन केसभर केसभर फिरवायचं. पॉइंट मिटलेले आहेत तोवर कागद हलत नाही. आणि ज्या क्षणी सुटतो...

सुटला. स्पोकवरची खूण थोडी खाली. परत. स्क्रू सैल, प्लेट नखाएवढी सरकवली, स्क्रू टाईट, आणि टाईट करताना प्लेट परत सरकते ही ह्या कामातली शिवी देण्याची जागा. चौथ्या वेळेला जमलं.

मॉडिफिकेशन ह्या गाडीत पण आहे बरं का, फक्त दिसत नाही. मूळ सहा व्होल्टची लाईट म्हणजे गाडी थांबली की मिणमिणती पणती, रात्री हायवेला जीव मुठीत. दादानं जुना रेग्युलेटर काढून इलेक्ट्रॉनिक टाकला, तोच डायनॅमो बारा व्होल्टवर चालतो, आत बारीक बॅटरी आणि एलईडी बल्ब. वायरिंग सगळं नवीन पण ओढलंय जुन्याच वाटेनं, एकही भोक नवीन पाडलेलं नाही. काढलेला रेग्युलेटर, जुना बल्ब होल्डर, तो खराब झालेला पिस्टनसुद्धा, सगळं गव्हाणीत फडक्यात बांधून ठेवलंय, वर चिठ्ठी लावून. पन्नास वर्षांपुढच्या गाडीला 2021 पासून व्हिंटेज म्हणून वेगळं रजिस्ट्रेशन मिळतं, नंबरमध्ये व्हीए येतं, फी वीस हजार. पण मग ती रोजच्या वापराला चालत नाही. दादाला तीच अट नको आहे. त्याला हिच्यावरनं मंडईला जायचंय.

कव्हर लावलं. पेट्रोल चालू. कार्बोरेटरची पिन दाबली, थेंब बाहेर आले.

पहिली किक. दुसरी.

(इंजिनचा आवाज. शेडमध्ये निळा धूर.)

शेजारच्या काकू वाळत घातलेल्या साड्या ओढून घेत काहीतरी ओरडतायत, आवाजात ऐकू येत नाही आणि बहुतेक ते बरंच आहे. दादा रेस सोडतो. इंजिन खाली येतं. टप, टप, टप, टप. एकसारखं.

गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन तो परत येतो, गाडी बंद न करताच तात्यांकडं बघतो. तात्या खुर्चीवरनं उठत नाहीत. मान जरा तिरकी करून ऐकतात.

"दुसऱ्या गियरला वाजतंय काहीतरी."

दादा गाडी बंद करतो आणि गव्हाणीतनं पाना काढतो.