आल्फाकार: पाव आणि पाट

(दृश्य: पहाट, डोंगरपायथ्याचे दिवे)
दक्षिण स्पेनमधल्या ग्रानादा शहराला अगदी लागून, सिएरा दे उएतोरच्या पायथ्याशी आल्फाकार आहे. इथली बरीच माणसं रोज कामाला शहरात जातात. त्यांच्या गाड्या निघायच्या आधीच गावातल्या भट्ट्या तापलेल्या असतात.

(दृश्य: बेकरी, हात जवळून)
गव्हाचं पीठ, मीठ, पाणी, थोडं यीस्ट. आणि ही फुगून वर आलेली आंबट कणीक. विरजणासारखी, आधीच्या घाण्यातून राखून ठेवलेली. मळून झालं की गोळे झाकून ठेवायचे. इथे घाई केली की पाव बसलाच म्हणून समजा.

आता हा अंगठा बघा. गोळ्याच्या मधोमध रुततो, भोक पाडतो, मग दोन्ही हातांनी फिरवत फिरवत कडं रुंद होतं. झाली रोस्का! वरचं कवच पातळ, सोनेरी. आत पांढरी, वेडीवाकडी जाळी. ‘आल्फाकारचा पाव’ या नावाला युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन आहे. आल्फाकार आणि शेजारचं विस्नार सोडून बाहेर भाजलेल्या पावाला ते लावता येत नाही.

(दृश्य: फुएंते ग्रांदेचं कुंड)
चवीचं श्रेय पाण्याचं. फुएंते ग्रांदे, म्हणजे हा झरा. तळातून बुडबुडे वर येताना दिसतात. अकराव्या शतकात, ग्रानादावर झीरी घराण्याचं राज्य असताना, इथूनच आयनादामारचा पाट काढला. डोंगराच्या कडेकडेने, निव्वळ उताराच्या जोरावर, थेट ग्रानादाच्या आल्बाइसीन वस्तीपर्यंत. वाटेत त्यावर गिरण्या फिरल्या, मळे भिजले आणि टोकाला वस्तीतली जमिनीखालची टाकी भरली. विसाव्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात तो वापरातून गेला.

(दृश्य: विस्नारचा रस्ता, उद्यानाचं फाटक)
१९३६ च्या ऑगस्टमध्ये कवी फेदेरिको गार्सिया लोर्का यांना याच परिसरात गोळ्या घातल्या. २००९ मध्ये त्यांच्या शोधात इथे खोदकाम झालं, अवशेष मिळाले नाहीत.

(दृश्य: फावडी, गाळ, माणसांची रांग)
आयनादामारच्या कोरड्या पाटात ही मंडळी उतरली आहेत ती गाळ काढायला. ग्रानादा विद्यापीठाच्या मेमोलॅब या प्रयोगशाळेने स्वयंसेवकांना हाताशी धरून हे काम काढलं. नळ असताना हा खटाटोप कशाला, असं विचारणाऱ्याने आधी आंदालुसियाचा, म्हणजे या दक्षिण स्पेनचा, एक उन्हाळा काढावा. पाटाचं पाणी आधी विद्यापीठाच्या कार्तुहा आवारातल्या झाडांना द्यायचं, असं ठरलं.