धर्मप्रांताला वित्तप्रमुख हवा आहे

इथे बसलेल्यांपैकी बहुतेकजण ब्रिटनमध्ये हिशेब, ऑडिट, बँक किंवा विम्याच्या कामात आहेत. काहीजण धर्मादाय संस्थांचे ट्रस्टीही आहेत. नोकरी बदलायची वेळ आली की आपली नजर सिटीतल्या, म्हणजे लंडनच्या वित्तकेंद्रातल्या, कंपन्यांकडे जाते, फार तर एनएचएसकडे किंवा एखाद्या कौन्सिलकडे. चर्च ऑफ इंग्लंडच्या एखाद्या धर्मप्रांताला, म्हणजे एका बिशपच्या अखत्यारीतल्या मुलखाला, वित्तप्रमुख हवा आहे अशी जाहिरात दिसली, तर आपण ती नीट वाचतही नाही. ख्रिस्ती असावं लागत असेल, आपलं तिथे काय काम, असं मनाशी धरून पुढे जातो. मी धर्मादाय संस्थांच्या नेमणुकांसाठी निवड समितीवर बाहेरची सदस्य म्हणून बसत आले आहे. त्या अनुभवावरून सांगते, हे पद भरणं फार अवघड जातं. आणि ते का अवघड जातं हे कळलं, की तुमच्यातले काहीजण त्याला अगदी योग्य आहेत हेही कळेल.

आधी एक गैरसमज दूर करू. राजा चर्च ऑफ इंग्लंडचा सर्वोच्च प्रमुख, २६ बिशप हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये बसतात, तेव्हा व्हिकरचा, म्हणजे स्थानिक चर्चच्या पाद्र्याचा, पगारही सरकारच देत असणार, असं आपल्यात सर्रास मानलं जातं. सरकार देत नाही. मुंबईच्या बिशपचा पगार मात्र सरकारी तिजोरीतून जायचा! १८३३च्या सनदी कायद्याने मुंबई आणि मद्रासला बिशप नेमायची तरतूद केली, १८३७मध्ये मुंबईचा धर्मप्रांत उभा राहिला, आणि बिशपच्या पगाराचा भार हिंदुस्थानच्या महसुलावर पडला. तो पैसा आपल्या रयतेचा होता. विषय थोडा बाजूला जातो, पण हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

मग इंग्लंडमध्ये पैसा येतो कुठून? राणी अ‍ॅनच्या काळात, १७०४मध्ये, गरीब पाद्र्यांसाठी एक निधी सुरू झाला. १८३६मध्ये इक्लेझिअ‍ॅस्टिकल कमिशनर्स आले. १९४८मध्ये दोन्ही एकत्र करून चर्च कमिशनर्स ही संस्था झाली. आज तिच्याकडे दहा अब्ज पौंडांहून जास्त गुंतवणूक आहे. हा आकडा वर्तमानपत्रात छापून आला की धर्मप्रांतांच्या वित्तप्रमुखांचं काम आणखी कठीण होतं, कारण लोकांना वाटतं हा पैसा त्यांच्याच कपाटात आहे. तसं नाही. कमिशनर्स राष्ट्रीय पातळीवरचे. त्यांच्याकडून धर्मप्रांतांना मदत मिळते, पण ४२ धर्मप्रांत स्वतंत्र आणि प्रत्येकाचा हिशेब स्वतंत्र. त्यातून एक जुनी जखमही आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस कमिशनर्सनी कर्ज काढून व्यापारी इमारतींमध्ये पैसा घातला, बाजार बसला आणि सुमारे ८० कोटी पौंडांचं मूल्य गेलं. त्यानंतरच्या वर्षांत ठरलं की १९९८पासूनच्या सेवेचं पाद्र्यांचं पेन्शन धर्मप्रांतांनी, म्हणजे शेवटी पॅरिशमधल्या (एकेका स्थानिक चर्चच्या हद्दीतल्या) लोकांनी, भरायचं. त्याआधीच्या सेवेचं कमिशनर्स देत राहतील. पंचवीसहून जास्त वर्षं झाली, तरी पॅरिशच्या बैठकीत कुणीतरी ज्येष्ठ सभासद उठून हा विषय काढतोच, आणि वित्तप्रमुखाला त्याचं उत्तर द्यावं लागतं. वर्षाचा हिशेब मांडण्याआधी या लोकांचा विश्वास कुठे आणि कसा गेला, हे त्याला माहीत असायला लागतं.

धर्मप्रांताचा पैसा ज्या संस्थेच्या नावावर असतो ती डायोसिसन बोर्ड ऑफ फायनान्स. १९२५च्या कायद्याने प्रत्येक धर्मप्रांतात असं बोर्ड असतं. कायद्याने ती कंपनी आहे आणि धर्मादाय संस्थाही. वित्तप्रमुख तिचा नोकर. त्याच्या वर डायोसिसन सेक्रेटरी, म्हणजे धर्मप्रांताचा मुख्य प्रशासक, शेजारी बोर्डाचा अध्यक्ष, पलीकडे बिशप आणि त्याच्या हाताखालचे वरिष्ठ पाद्री म्हणजे आर्चडीकन, आणि बजेट मंजूर करायला सिनॉड, म्हणजे धर्मप्रांताची प्रतिनिधी सभा. उतरंड कागदावर सरळ दिसते. प्रत्यक्षात कोण कुणाचं ऐकतं, हे जागोजागी वेगळं असतं.

आता ताळेबंद उघडू. माझ्या मते सगळ्यात रंजक भाग इथे आहे. पहिली गोष्ट ग्लीब, म्हणजे व्हिकरच्या उदरनिर्वाहासाठी गावोगाव लावून दिलेली जमीन. आपल्याकडची देवस्थान इनामं आठवा, पूजाअर्चा चालावी म्हणून दिलेली, विकून खायची सोय नसलेली, तशातलाच हा प्रकार. पूर्वी ही जमीन त्या त्या गावच्या व्हिकरपदाकडे असायची. १९७६च्या कायद्याने, १९७८पासून, ती सगळी धर्मप्रांताच्या बोर्डाकडे आली. तिचं उत्पन्न पाद्र्यांच्या मानधनासाठी. समजा गावाला लागून असलेलं एक शेत घरबांधणीच्या कंपनीला विकलं आणि चाळीस लाख पौंड आले. ऐकायला दिवाळी वाटते. पण ते पैसे भांडवलाच्या खात्यात जातात आणि त्यातून पॅरिश हॉलचा बॉयलर बदलता येत नाही. शिवाय ग्लीब सगळीकडे सारखी नाही. लिंकनसारख्या जुन्या, शेतीच्या धर्मप्रांताकडे जमीन भरपूर. लिव्हरपूलचा धर्मप्रांत १८८०मधला, बंदराच्या आणि कारखान्यांच्या मुलखातला, त्याच्या वाट्याला जुना जमीनजुमला फारसा आलाच नाही. व्हिकरच्या घरात मात्र दोन्हीकडे थंडी सारखीच वाजते.

घरावरून आठवलं. व्हिकर ज्या घरात राहतो ते कायद्याने बहुधा त्याच्या पदाच्या मालकीचं असतं, पण छप्पर गळलं की दुरुस्ती बोर्डाने करायची, १९७२च्या कायद्याप्रमाणे. म्हणजे घर एकाचं, खर्च दुसऱ्याचा. अशी शेकडो घरं एका धर्मप्रांतात असू शकतात. कॉर्पोरेटमधून आलेल्या उमेदवाराला हे पहिल्यांदा ऐकून विश्वासच बसत नाही.

आणि हे सगळं असूनही बहुतेक धर्मप्रांतांचं उत्पन्न मुख्यतः ज्यावर चालतं, ते म्हणजे पॅरिश शेअर. प्रत्येक पॅरिशने वर्षाला धर्मप्रांताला द्यायचा वाटा. त्यातून व्हिकरचं मानधन, पेन्शन, घर आणि नव्या पाद्र्यांचं प्रशिक्षण भागतं. हा वाटा ऐच्छिक आहे. पॅरिशची कौन्सिल ही स्वतंत्र धर्मादाय संस्था. तिने वाटा दिला नाही तर वसुलीची नोटीस काढता येत नाही, कोर्टात जाता येत नाही, व्याज लावता येत नाही. एवढ्या मोठ्या संस्थेचा वित्तप्रमुख, आणि त्याच्या हातात बिल पाठवायचा अधिकार नाही! त्याच्याकडे एकच साधन आहे. समोरच्याला पटेल असं खरं बोलणं.

म्हणून मी म्हणते, या नेमणुकीत हिशेबाचं ज्ञान हा प्रवेशाचा पास आहे, निवडीचा निकष नाही. एसीए, एसीसीए, सिमा किंवा सिपफा यांपैकी लेखापालाची एक पात्रता पाहिजेच. धर्मादाय संस्थांची लेखापद्धती यायलाच पाहिजे. निर्बंधित निधी (ठरावीक कामासाठीच वापरायचा), अनिर्बंधित निधी (हवा तिथे वापरता येणारा) आणि कायम निधी (ज्याचं भांडवल राखून ठेवायचं) यांच्यातला फरक झोपेतून उठवून विचारला तरी सांगता आला पाहिजे. पण हे येणारे पुष्कळ मिळतात.

निवडीच्या दिवशी मी एक प्रसंग आग्रहाने ठेवायला लावते. उमेदवारासमोर धर्मप्रांताच्या हिशेबाचं एक पान ठेवायचं. समजा एकूण निधी १२ कोटी पौंड, यंदाची तूट १५ लाख. समोर समितीतलाच एक सदस्य बसतो आणि सांगतो, ‘मी एका गावातल्या पॅरिशचा खजिनदार. शिक्षक होतो, निवृत्त झालो, हे काम फुकट करतो. आमच्या चर्चमध्ये रविवारी तीस माणसं येतात. तुमच्याकडे बारा कोटी पडून आहेत, मग आमच्याकडून चाळीस हजार कशाला मागता?’

कॉर्पोरेटमध्ये मुरलेला उमेदवार इथे सफाईने बोलतो. निधींचे प्रकार सांगतो, लेखापद्धतीचा आधार देतो, भांडवल का खर्चता येत नाही ते समजावतो. एक शब्द चुकीचा नसतो. आणि खजिनदार होता तिथेच असतो, उलट थोडा अपमानित. चांगला उमेदवार आधी विचारतो, ‘तुमच्या गावात व्हिकर राहतात का? की चार गावं मिळून एक?’ मग कागद उलटा करून पेन्सिलीने मांडतो. एका व्हिकरचा वर्षाचा खर्च इतका, तुमच्या चार गावांचा मिळून वाटा इतका, वरची रक्कम ग्लीबमधून आणि शेजारच्या सधन पॅरिशकडून येते. बारा कोटींतले बहुतेक जमिनीत आणि घरांत अडकलेले आहेत, त्यातलं एक घर तुमच्या व्हिकरचं. आणि मग तो थांबतो. खजिनदार म्हणतो, ‘तरी चाळीस हजार आम्हाला झेपत नाहीत.’ इथे खरी परीक्षा असते. उत्तम उमेदवार ‘बघतो, काहीतरी करू’ असं म्हणत नाही. तो विचारतो, ‘किती झेपतील ते मनापासून सांगा. आणि तेवढेच आले तर व्हिकरच्या नेमणुकीवर काय परिणाम होईल ते मीही तुम्हाला खरं सांगतो.’ हे वाक्य ज्याच्या तोंडून सहज येतं, त्याच्यासाठी मी भांडते.

जाहिराती लिहिणाऱ्यांचं इथेच चुकतं असं माझं ठाम मत आहे. अनेक धर्मप्रांत गेली काही वर्षं तुटीची बजेटं मांडत आहेत, त्यामुळे घाबरून ‘कायापालट घडवणारा’ माणूस मागितला जातो. असा माणूस येतो, सहा महिन्यांत पॅरिश एकत्र करण्याचा तक्ता काढतो, सिनॉडमध्ये मांडतो आणि लोक पुढच्या वर्षी वाटा कमी देतात. तूट वाढते. ऐच्छिक पैशावर चालणाऱ्या संस्थेत लोकांच्या आधी तक्ता नेला की हेच होतं.

आता श्रद्धेचा प्रश्न. २०१०च्या समता कायद्याप्रमाणे एखाद्या पदासाठी विशिष्ट धर्माची अट घालायची, तर त्या कामाच्या स्वरूपातच तशी गरज आहे हे दाखवावं लागतं. वित्तप्रमुखाच्या बाबतीत बहुतेक धर्मप्रांत ती अट घालत नाहीत. चर्चच्या ध्येयाबद्दल आस्था हवी, इतकंच म्हणतात. ही आस्था मुलाखतीत खरोखर तपासली जाते, आणि तपासावीच. काही बैठका प्रार्थनेने सुरू होतील, तेव्हा अवघडून बसणारा माणूस तिथे टिकणार नाही. पण घरात देवापुढे दिवा लावणारा, किंवा दर्ग्यावर जाणारा, किंवा काहीच न मानणारा पण दुसऱ्याच्या श्रद्धेचा आदर असणारा माणूस हे काम उत्तम करू शकतो. दानपेटीतल्या पैशाकडे कसं पाहायचं हे ज्याला घरातूनच मिळालं आहे, त्याला ही आस्था शिकवावी लागत नाही. अर्ज करायच्या आधी डायोसिसन सेक्रेटरीला फोन करून स्पष्ट विचारा. हा फोन कुणाला खटकत नाही, उलट जमेस धरला जातो.

आणखी एका गुणाबद्दल मात्र तडजोड नको. नाही म्हणायचं धैर्य. लंडन धर्मप्रांताच्या एका माजी अधिकाऱ्याने वर्षानुवर्षं चर्चसाठीच्या अनुदानाचे पैसे लाटले होते. २०२२मध्ये त्याला पाच वर्षांची कैद झाली, रक्कम ५२ लाख पौंडांच्या घरात. जिथे सगळे एकमेकांना चांगली माणसं म्हणून ओळखतात, तिथे दुसरी सही मागणं उद्धटपणाचं वाटतं. वित्तप्रमुखाने ती मागायची असते, समोर आर्चडीकन असला तरी. म्हणून संदर्भ तपासताना मी जुन्या वरिष्ठांना एकच गोष्ट विचारते, या माणसाने तुम्हाला कधी अडवलं होतं का, आणि कसं? ज्याला असा एकही प्रसंग आठवत नाही, त्याने दिलेल्या कौतुकाचा मला उपयोग नसतो. उलटही तपासावं लागतं. बिशपने अडवून घ्यायची तयारी ठेवली आहे का, हे उमेदवाराने मुलाखतीत विचारायला हरकत नाही.

पगाराचं थोडक्यात. सिटीपेक्षा कमी. ज्याला तो आकडा पहिल्या भेटीतच खुपतो, त्याने वेळ घालवू नये.

शेवटी वेळापत्रक, कारण चांगल्या नेमणुका इथे बिघडताना मी पाहिल्या आहेत. हिशेबाचं वर्ष ३१ डिसेंबरला संपतं, वसंतात ऑडिट, आणि पुढच्या वर्षाचं बजेट शरदात सिनॉडपुढे जातं. वरिष्ठ माणसाचा नोटीस काळ तीन महिन्यांचा असतो. जाहिरात सप्टेंबरात काढली तर नवा माणूस येऊन पडतो तो थेट ऑडिटच्या धबडग्यात. त्याला पॅरिश पाहायला सवड मिळत नाही आणि पॅरिशला तो फक्त सहीपुरता माहीत होतो. जाहिरात जानेवारीत काढा, म्हणजे माणूस मे-जूनमध्ये येईल. पहिलं बजेट मांडायच्या आधी त्याला प्रत्येक डीनरीत, म्हणजे शेजारच्या पॅरिशच्या गटात, एकदा तरी जाऊन तिथल्या खजिनदारांसमोर बसू द्या. आणि हे दौरे नेमणूकपत्रातच लिहून ठेवा, नाहीतर कामाच्या रेट्यात ते राहून जातात.