मीठ, पाणी आणि जांभळं पान

(दृश्य: मिठागर, सकाळ)
पेडण्यातल्या आगरवाड्याची मिठागरं. खाडीचं पाणी उथळ कोंडीत उन्हाने आटतं, मीठ तळाला बसतं, लांब दांड्याच्या फळीने ओढून त्याचे ढीग लावतात.

(दृश्य: प्रयोगशाळा, टेबलावर मीठ)
मीठ पानातल्या पेशीला काय करतं, ते इथे बघायचं. वर्ग बी.ए. आणि बी.कॉम.चा. बहुतेकांनी दहावीनंतर सूक्ष्मदर्शकाला हात लावलेला नाही. पेशीची आकृती मात्र तोंडपाठ.

(दृश्य: पान, जवळून)
हे ऱ्हिओचं पान. वरून हिरवं, खालून जांभळं, गोव्यात कुणाच्याही अंगणातल्या कुंडीत सापडेल. उलटं धरून तिरकं फाडायचं. फाटलेल्या कडेला जांभळी, पारदर्शक साल सुटते, तेवढीच घ्यायची. हिरवा भाग चिकटून आला की थर जाड होतो आणि भिंगाखाली नुसता काळोख दिसतो. साल लगेच पाण्याच्या थेंबात टाकायची, नाहीतर सुकून गुंडाळते. कव्हर स्लिप, म्हणजे वर ठेवायची पातळ काच, सुईवर टेकवून हळूहळू उतरवायची. आपटली की हवा अडकते. जाड काळ्या कडेचे ते बुडबुडेच पेशी समजून वहीत रेखाटणारे हमखास निघतात.

(दृश्य: भिंगातून, १०० पट)
फरशीसारख्या जुळलेल्या पेशी, काठोकाठ जांभळ्या. हा रंग रिक्तिकेतल्या, म्हणजे पेशीच्या आतल्या पिशवीतल्या, रसाचा.

आता १०० मिलिलिटर पाण्यात ५ ग्रॅम मीठ. खडेमीठ ओलसर असतं, त्यात मातीही असते. वजन फसतं, द्रावण गाळावं लागतं. कव्हर स्लिपच्या एका कडेला थेंब, दुसऱ्या कडेला टिपकागद. दोन-तीन मिनिटं डोळा हलवायचा नाही.

(दृश्य: भिंगातून, सलग)
आधी कोपरे सुटतात. मग जांभळा गोळा आक्रसत मधे येतो, भित्तिका, म्हणजे पेशीची बाहेरची भिंत, जागच्या जागी. हा रससंकोच. बाहेर मीठ जास्त, म्हणून पाणी पटलातून, भित्तिकेच्या आतल्या पातळ पडद्यातून, बाहेर गेलं. भित्तिका आणि गोळा यांच्या मधल्या मोकळ्या जागेत काय आहे, असं विचारलं की उत्तर येतं, हवा. तिथे मिठाचं पाणीच आहे. भित्तिकेने त्याला आत येऊ दिलं, पटलाने मीठ अडवलं.

खारातली तोरां, म्हणजे मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या कैऱ्या, सुरकुततात त्या यानेच. बांध फुटून खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतात, खारं पाणी शिरलं की भाताची रोपं माना टाकतात, त्यातही हाच भाग.

(दृश्य: पुन्हा साधं पाणी)
गोळे फुगून भित्तिकेला टेकू लागतात. सगळे नाही. मीठ फार झालं किंवा साल त्यात फार वेळ राहिली, तर पटल फाटतं आणि रंग सांडतो. डाव्या कडेच्या त्या दोन पेशी फिक्या पडल्या आहेत.