पाणी दारात येतं तेव्हा

मंडळी, स्वच्छ पाण्याचा विषय निघाला की आपण लगेच रोगराईवर येतो. मीही येणार आहे, पण आधी वजनाचं बोलू. एक लीटर पाणी म्हणजे एक किलो. पाच माणसांच्या घरात माणशी वीस लीटर धरले, तरी रोज शंभर किलो पाणी कुणीतरी डोक्यावरून, कमरेवरून वाहतं. ज्या घरांच्या आवारात पाणी नाही, अशा दर दहांपैकी सात घरांत हे काम बायका-मुलींकडे असतं, असं जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचा २०२३ चा अहवाल सांगतो.

जाणं, रांगेत थांबणं आणि परत येणं, हे सगळं तीस मिनिटांत होत असेल आणि स्रोत सुरक्षित बांधणीचा असेल, तर जागतिक मोजणीत ती ‘मूलभूत सोय’ धरतात. मला हा निकष फार ढिला वाटतो. दिवसाला चार फेऱ्या म्हटल्या तरी दोन तास गेले. ज्या मुलीचे सकाळचे दोन तास असे जातात, ती शाळेत उशिरा पोचते, आणि काही दिवसांनी जातच नाही.

१९६० च्या दशकात गिल्बर्ट व्हाइट, अ‍ॅन व्हाइट आणि डेव्हिड ब्रॅडली या संशोधकांनी केनिया, युगांडा आणि टांझानियात घरोघरच्या पाणीवापराचा अभ्यास केला. ब्रॅडली यांनी त्यातून एक फार मोलाची विभागणी मांडली. काही आजार घाण पाणी प्यायल्याने होतात. काही मात्र धुवायला पुरेसं पाणीच नसल्याने होतात. खरूज आणि डोळ्यांच्या खुपऱ्या या दुसऱ्या गटातल्या. हगवण दोन्ही वाटांनी येते.

हे घरात कसं दिसतं बघा. तान्ह्या बाळाची शी काढून आई उठली आहे. कळशीत तळाशी थोडं पाणी आहे आणि स्वयंपाक व्हायचा आहे. ती हात धुईल का? नुसतेच बुडवून पुसेल, आणि त्यात तिचा काही दोष नाही. आरोग्यशिक्षणाची कितीही भित्तिपत्रकं लावली तरी त्या कळशीत पाणी वाढत नाही. नळ अंगणात आला की मात्र तीच बाई कुणी न सांगता हात धुते, पोरांना आंघोळ घालते, कपडे वेळेवर धुते. विहीर अर्ध्या तासावरून पंधरा मिनिटांवर आली, तर वापर फारसा वाढत नाही. दारात आली की एकदम वाढतो. हे जगात ठिकठिकाणी दिसलं आहे.

पिण्याच्या पाण्यातून येणाऱ्या रोगांत नारूचं उदाहरण मला सगळ्यात धीर देणारं वाटतं. नारू झालेला माणूस पाण्यात उतरला की अळ्या पाण्यात सुटतात, त्या अळ्या सायक्लॉप्स नावाचा पाण्यातला बारीकसा जीव खातो, आणि ते पाणी पिणाऱ्याच्या पायातून वर्षभराने हातभर लांब कृमी बाहेर येतो. काडीला गुंडाळत तो दिवसेंदिवस ओढावा लागे. १९८६ मध्ये जगात याचे सुमारे ३५ लाख रुग्ण होते. २०२३ मध्ये माणसांत १४ आढळले. नारूवर लस निघाली नाही, औषधही नाही. पाणी कापडातून गाळणं, रुग्णाला पाण्यात उतरू न देणं आणि उघड्या पाण्याऐवजी हापसे बसवणं, मुख्यतः एवढ्यावर हे साधलं. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ चा.

पण स्रोत स्वच्छ झाला म्हणजे पेल्यातलं पाणी स्वच्छ झालं, असं नाही. पश्चिम केनियातल्या खेड्यांत झऱ्यांना बांधीव तोंडं केली, तेव्हा झऱ्यावरची विष्ठेची घाण सुमारे दोन तृतीयांशांनी कमी झाली. घरात साठवलेल्या पाण्यातली मात्र जेमतेम पाव हिश्श्याने. वाटेत हंडा उघडा राहतो, घरात पेल्याबरोबर बोटंही आत जातात. अरुंद तोंडाचं भांडं, झाकण, ओगराळं किंवा खाली तोटी, आणि क्लोरीन, या गोष्टी योजनेच्या अंदाजपत्रकात नळाइतक्याच ठळक असायला हव्यात.

आणि एक धोका डोळ्यांना दिसतच नाही. बांगलादेशात तळ्यांच्या पाण्याने होणारी हगवण टाळायला लाखो हापसे बसवले गेले. पाणी नितळ होतं, पण १९९० च्या दशकात त्यातल्या अनेकांत आर्सेनिक हे विष असल्याचं उघड झालं. मग तपासणी करून दूषित हापसे लाल आणि चांगले हिरवे रंगवले. हिरवा हापसा जवळ होता, तिथे पुष्कळ घरांनी पाणी बदललं. तो लांब होता, तिथे लोक लालच्याच पाण्यावर राहिले. सुरक्षित पाण्यासाठी खोल कूपनलिका कुठे घ्यायची हे ठरवताना नकाशावर आधी लाल हापशांची घरं मांडावीत, आणि तिथून कळशी घेऊन किती चालावं लागेल ते मोजावं.