सर्व्हर सारखा पडतोय? रिपेअर मारायच्या आधी हे बघा

नमस्कार मंडळी. ऑफिसचा फाइल सर्व्हर मधेच बंद पडतो, रीस्टार्ट केला की दोन तास बरा चालतो आणि मग परत आतून आवाज येतो, "अहो, फाइल सेव्ह होत नाहीये, रीड-ओन्ली म्हणतंय." तुमच्याकडे हे चालू असेल तर आधी एक करा, परत परत रीस्टार्ट करणं थांबवा.

लिनक्सवर ईएक्सटीफोर, म्हणजे डिस्कवर फाइली कुठे आहेत याच्या नोंदी ठेवणारी फाइल सिस्टिम असेल, तर त्याला आपल्याच नोंदी जुळत नाहीत असं दिसलं की तो सेटिंगप्रमाणे वागतो. एकतर चालूच राहतो, नाहीतर रीड-ओन्ली होतो, किंवा पॅनिक ठेवलं असेल तर अख्खा सर्व्हरच थांबतो. एक्सएफएस ही दुसरी फाइल सिस्टिम, तो तर ते व्हॉल्यूमच, म्हणजे डिस्कचा तो भागच बंद करून टाकतो, मग प्रत्येक फाइलवर इनपुट-आउटपुट एरर. म्हणजे आपण ज्याला क्रॅश म्हणतो ते बऱ्याचदा सिस्टिमने डेटा वाचवायला मारलेला ब्रेक असतो, आणि आपण तो सोडवून गाडी परत पळवतो.

माझ्याकडे एका छापखान्याचा सर्व्हर आला होता. आदल्या रात्री लाइट गेली होती, यूपीएसची बॅटरी संपलेली, त्यामुळे सगळ्यांनी लाइटवरच बोट ठेवलं आणि मीसुद्धा तेच धरून चाललो. एफएससीके, म्हणजे फाइल सिस्टिम तपासून दुरुस्त करणारा प्रोग्राम चालवला, डॅश वाय लावून, म्हणजे विचारशील त्या सगळ्याला हो. सकाळी सर्व्हर चालू झाला पण ग्राहकांच्या डिझाइनचे फोल्डर गायब, आणि लॉस्ट अँड फाउंडमध्ये, म्हणजे एफएससीके बेवारस फाइली टाकतो त्या फोल्डरमध्ये, नुसत्या नंबरांच्या शेकडो फाइली. डिस्कच मरायला टेकली होती. एफएससीकेला एखादा ब्लॉक वाचता आला नाही की तो विचारतो, एरर सोडून देऊ का, आणि त्या जागी जबरदस्तीने परत लिहू का? मी दोन्हीला आधीच हो म्हणून ठेवलं होतं. ते मला आजही लागतं, म्हणून हा व्हिडिओ.

एफएससीके तुमच्या फाइली परत आणायला बनलेलं नाही हो. त्याचं काम नोंदी एकमेकींशी जुळवणं, आणि जे जुळत नाही ते तो काढून टाकतो.

तर आधी डीमेसेज, म्हणजे लिनक्सच्या कर्नलचा लॉग, उघडा आणि ईएक्सटीफोरच्या एररच्या वरच्या ओळी वाचा, खरी गोष्ट तिथे असते. तिथे एटीए (डिस्कच्या जोडणीचे) किंवा आयओ (वाचण्या-लिहिण्याचे) एरर दिसले तर भानगड खाली हार्डवेअरमध्ये आहे. मग स्मार्टसीटीएल, म्हणजे डिस्कची तब्येत सांगणारी कमांड. सॅटा हार्ड डिस्क असेल तर तीन नंबर बघा: ५, म्हणजे खराब झाले म्हणून बदललेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे तुकडे), १९७, म्हणजे वाचता न येणारे, आणि १९९, म्हणजे सीआरसी एरर, डेटा वाटेत बिघडल्याची खूण. १९९ वाढत असेल तर बहुतेक वेळा केबल, आधी ती बदला. १९७ शून्याच्या वर असेल तर त्या डिस्कवर रिपेअर अजिबात चालवू नका, नवीन डिस्क आणा आणि डीडीरेस्क्यू या खराब डिस्कवरून वाचणाऱ्या प्रोग्रामने कॉपी काढा, कुठपर्यंत झालं याची मॅप फाइल ठेवून, म्हणजे मधे बंद पडलं तरी तिथूनच पुढे सुरू होतं. डिस्क स्वच्छ असेल तर रॅम, रात्रभर मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासणारा प्रोग्राम, लावून ठेवा, खराब रॅम असेल तर चुकीचाच डेटा डिस्कवर उतरतो आणि रेड, म्हणजे एकच डेटा दोन डिस्कवर ठेवायची सोय असेल, तर तीसुद्धा तो इमानेइतबारे दोन्ही डिस्कवर लिहितो.

रिपेअर करायचं ते डिस्कच्या कॉपीवरच, सांबा (नेटवर्कवर फोल्डर शेअर करणारा प्रोग्राम) बंद करून, अनमाउंट करून, म्हणजे सिस्टिमपासून ती सोडवून. पहिल्यांदा डॅश एन, म्हणजे फक्त तपासणी, लिहिणं काही नाही. यादी छोटी असेल तर पुढे जा, पानंच्या पानं एरर आले तर आधी बॅकअप शोधा. ईएक्सटीफोरचा सुपरब्लॉक, म्हणजे फाइल सिस्टिमची मुख्य नोंदच गेली असेल तर घाबरू नका, ४ केबी ब्लॉक असेल तर सहसा ३२७६८ नंबरच्या ब्लॉकवर त्याची प्रत असते, एफएससीकेला डॅश बी देऊन ती वापरता येते. एक्सएफएसला आधी एकदा माउंट करून बघा, लॉगमधलं राहिलेलं काम तो स्वतः पूर्ण करतो. नेटवर कुणी एक्सएफएसच्या रिपेअरला लगेच डॅश एल मारा म्हणेल, ते लॉगच पुसतं, दुसरा काही मार्गच उरला नाही तरच ते करा.

आणि रिपेअर झालं म्हणून लगेच सगळ्यांना शेअर उघडून देऊ नका. जर्नल, म्हणजे फाइल सिस्टिमचा तोच लॉग, साधारणपणे नोंदी सांभाळतं, फाइलीच्या आतला मजकूर नाही. म्हणून टॅलीचा डेटा, मोठ्या एक्सेल, डिझाइनच्या फाइली स्वतः उघडून बघा, बॅकअपशी ताडून घ्या आणि जुनी डिस्क लेबल लावून कपाटात ठेवा, महिनाभर तरी फॉरमॅट करू नका.